डेमलर आर्मर्ड कार: छोट्या तोफेची गाडी इतकी वर्षं टिकली कशी?

प्रश्न दोन भागांत आला आहे. पहिला: दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश चिलखती गाड्यांमध्ये डेमलरचं नाव सगळ्यात वर घेतात, पण तिची तोफ तर दोन पौंडी (सुमारे दोन पौंडांचा गोळा टाकणारी), म्हणजे १९४२ मध्येच मागे पडलेली, मग कौतुक कशाचं? दुसरा: युद्ध संपल्यावर या गाड्यांचं काय झालं, आणि आपल्याकडे त्या खरोखर लढल्या की नुसत्या संचलनात फिरल्या?

माझी नोकरी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात गेली. फेरेट या डेमलरच्याच घराण्यातल्या छोट्या चिलखती गाडीवर पुष्कळ काम केलं आणि निवृत्त झाल्यावर जुन्या लष्करी गाड्या पुन्हा चालू करणाऱ्यांच्या शेडमध्ये जात राहिलो. तिथे डेमलर पूर्ण खोलून परत जोडायची संधी मिळाली. म्हणून हे उत्तर गाडीच्या पोटातून दिलेलं आहे. सेनापतींच्या नकाशावरची बाजू सांगणारे दुसरे खूप आहेत.

आधी थोडक्यात सांगतो. डेमलरची किंमत तिच्या तोफेत शोधली की हाती काहीच लागत नाही. ती टेहळणीची गाडी होती. शत्रू कुठे आहे ते बघायचं, वायरलेसवर कळवायचं आणि जिवंत परत यायचं, एवढंच तिचं काम. यातलं 'परत यायचं' हे काम डेमलरने तिच्या पिढीतल्या बाकी ब्रिटिश गाड्यांपेक्षा चांगलं केलं आणि त्याचं कारण गिअरबॉक्स, शाफ्ट आणि सस्पेन्शनमध्ये आहे. युद्धानंतर तिला मिळालेलं लांबलचक आयुष्यही त्यातूनच आलं, आणि शेवटी ती वर्कशॉपला नकोशी झाली तीही त्यामुळेच.

आता आकडे. वजन साडेसात टनांच्या आसपास, माणसं तीन. पुढे ड्रायव्हर, टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, गनर आणि कमांडर. तोफ भरायचं कामही कमांडरकडेच. चिलखत जास्तीत जास्त १६ मिलिमीटर, म्हणजे रायफलीच्या गोळ्या आणि बॉम्बचे तुकडे अडतील, त्यापुढे भरवसा नाही. ४० मिलिमीटरची दोन पौंडी तोफ, तिचे ५२ गोळे, शेजारी ७.९२ मिलिमीटरची बेसा मशीनगन. मागच्या बाजूला डेमलरचंच ४.१ लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ९५ अश्वशक्तीचं. रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेग आणि एका टाकीत सुमारे ३२० किलोमीटर. एकूण २,६९४ गाड्या बनल्या.

या गाडीचा आराखडा बीएसए कंपनीत १९३९ मध्ये आकाराला आला आणि बनवायचं काम त्याच समूहातल्या कॉव्हेंट्रीच्या डेमलरकडे गेलं. त्याआधी त्यांनी डिंगो नावाची छोटी, बिनटरेटची दोन माणसांची स्काउट कार केली होती. तीच कल्पना मोठी करून वर टेट्रार्क या हलक्या रणगाड्याच्या धर्तीचं टरेट बसवलं. सुरुवातीला सरकारी कागदांत तिला 'चाकांवरचा हलका रणगाडा' असंच म्हटलं होतं, आणि आतली मांडणी पाहिली की ते पटतं. पण डिंगोसाठी आखलेली यंत्रणा दुपटीहून जास्त वजन सहज झेलेना. दुरुस्त्या करत करत पहिल्या गाड्या कारखान्याबाहेर पडायला १९४१ उजाडलं.

आता यंत्रणा. इथे जरा थांबतो.

साध्या फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकमध्ये काय असतं? गिअरबॉक्सपासून एक शाफ्ट पुढच्या एक्सलकडे आणि एक मागच्या एक्सलकडे जातो, आणि दोन्ही एक्सलवर डिफरन्शिअलचा, म्हणजे वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरचा, तो मोठा गोळा असतो. तो गोळा आणि आडवा एक्सल मावावा म्हणून गाडीची बॉडी वर उचलावी लागते. गाडी उंच झाली की लांबून दिसते, आणि टेहळणीच्या गाडीत लांबून दिसणं म्हणजे मरण. डेमलरमध्ये आडवा एक्सलच नाही. मधोमध एक ट्रान्सफर बॉक्स, त्यात एकच डिफरन्शिअल, आणि तिथून चार स्वतंत्र शाफ्ट बॉडीच्या दोन्ही कडांनी चार चाकांकडे जातात. प्रत्येक कोपऱ्यात एक बेव्हल बॉक्स, म्हणजे शाफ्टची फिरकी काटकोनात चाकाकडे वळवणारी गिअरची पेटी, पुढे चाकाच्या हबमध्ये आणखी एकदा गती कमी करणारे गिअर. चारही चाकं स्वतंत्र, कॉइल स्प्रिंगवर. ट्रकसारखी वेगळी चासीही नाही. सगळं सामान थेट चिलखती बॉडीला बोल्टने कसलेलं. त्यामुळे माणसं दोन्ही कडांच्या शाफ्टच्या मधल्या जागेत खाली बसतात आणि गाडी बुटकी राहते.

हबमध्ये शेवटची गती कमी होत असल्यामुळे त्याआधीच्या शाफ्टवर कमी पीळ पडतो आणि ते बारीक ठेवता येतात. कागदावर हे सुंदर आहे. त्याचा त्रास कुठे होतो ते पुढे येईलच.

क्लच नाही. त्याच्या जागी फ्लुइड फ्लायव्हील, म्हणजे तेलातून ताकद पुढे देणारं चाक. त्यामागे विल्सन पद्धतीचा प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स. लंडनच्या डबलडेकर बसमध्येही हीच जोडी असायची. ड्रायव्हरने हवा तो गिअर लिव्हरवर आधीच निवडून ठेवायचा. प्रत्यक्ष बदलायची वेळ आली की क्लचच्या जागी असलेलं पेडल पूर्ण दाबून सोडायचं, गिअर पडतो. चढावर, चिखलात, गोळीबारात गिअर अडकणं, गाडी बंद पडणं हा प्रकार जवळजवळ संपतो. इंजिन चालू ठेवून गाडी मुंगीच्या पावलाने पुढे नेता येते, आवाज फारसा न करता. टेहळणीला याहून उपयोगी दुसरं काय असणार?

एक सावधगिरी मात्र जुना हात पहिल्याच दिवशी नव्याला सांगायचा. ते पेडल अर्धवट दाबलं तर ते उलटं उसळतं, आणि ते अशा जोराने की गुडघा आणि नडगी दोन्ही आठवणीत राहतात. फेरेटमध्येही तेच. नवशिक्या ड्रायव्हर लंगडत आला की वर्कशॉपमध्ये कुणी कारण विचारत नसे.

आणि आता खरी गोष्ट. ट्रान्सफर बॉक्समध्ये दिशा उलटी करायची सोय आहे, त्यामुळे पुढे पाच गिअर तसे मागेही पाच. टरेटच्या मागे दुसरं स्टिअरिंग चाक बसवलेलं आहे, मागे तोंड करून. वळणावर समोर शत्रूची तोफ दिसली तर गाडी वळवायची गरजच नाही. ड्रायव्हर गिअर उलटा टाकतो, कमांडर मागे वळून चाक हाती घेतो, आणि गाडी जवळपास तितक्याच वेगाने आल्या वाटेने निघून जाते. या काळात टरेट आणि तोफ समोरच रोखलेली, सगळ्यात जाड चिलखतही शत्रूच्याच बाजूला. अरुंद रस्त्यावर दोन्हीकडे झाडी किंवा भिंती असताना साडेसात टनांची गाडी तीन हिसक्यांत वळवायची आणि तेवढा वेळ पातळ कूस दाखवत उभं राहायचं, हे टळलं म्हणून किती माणसं वाचली असतील याची कल्पना करा. जर्मनांच्या आठचाकी गाड्यांनाही मागे ड्रायव्हर होता. म्हणजे गरज दोघांनाही कळली होती. डेमलरने ती निम्म्या चाकांत भागवली.

डिस्क ब्रेकही सांगायला हवेत. आज दुचाकीलाही डिस्क असते म्हणून नवल वाटत नाही, पण चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेल्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांमध्ये डेमलर मोडते.

आता तोफ. दोन पौंडीचा गोळा ५०० यार्डांवर जेमतेम पन्नास मिलिमीटर पोलाद भेदायचा. १९४३ नंतरच्या पँझर-चार या जर्मन रणगाड्याच्या पुढच्या भागात ८० मिलिमीटर चिलखत होतं. हिशेब तिथेच मिटला. त्याहून मोठी अडचण ही की या तोफेला प्रत्यक्षात मिळायचे ते बहुतेक भरीव गोळे. पायदळावर, घरात लपलेल्या मशीनगनवर डागायला स्फोटक गोळा हवा असतो, त्याचीच वानवा. हंबर या त्याच काळातल्या दुसऱ्या ब्रिटिश चिलखती गाडीच्या मार्क चारवर अमेरिकन ३७ मिलिमीटरची तोफ होती, तिला निदान स्फोटक गोळा होता. काही डेमलरना नळीच्या टोकाला लिटलजॉन अडॅप्टर लावला. निमुळत्या नळीतून टंगस्टनचा गाभा असलेला गोळा आवळला जाऊन जास्त वेगाने सुटायचा. पण अडॅप्टर लावलेला असताना साधा गोळा डागता येत नसे. खऱ्या मोठ्या तोफेची गरज पडली तर त्याच रेजिमेंटमधल्या एईसी कंपनीच्या जड गाड्या पुढे यायच्या, त्यांच्यावर सहा पौंडी आणि नंतर ७५ मिलिमीटरची तोफ होती.

वायव्य युरोपात काही रेजिमेंटांनी काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. त्यांनी काही डेमलरची टरेटच काढून टाकली. ब्रिटिश सैनिक त्यांना 'सॉन-ऑफ डेमलर' म्हणायचे, म्हणजे करवतीने कापलेली डेमलर. गाडी आणखी बुटकी, हलकी आणि चपळ. ज्यांना रोज तिच्यात बसून पुढे जायचं होतं त्यांनीच तोफ उतरवून ठेवली, यातच पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं.

युद्धातले प्रसंग खूप आहेत, मी मोजकेच घेतो. उत्तर आफ्रिकेत ११ व्या हुसार्स या ब्रिटिश रेजिमेंटकडे हंबरसोबत डेमलर होत्या, आणि ७ मे १९४३ ला ट्युनिस शहरात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्या ११ व्या हुसार्सच्या आणि डर्बिशायर योमनरीच्या. वाळवंटात ही गाडी चालली कारण तिथे मोकळं मैदान होतं आणि वेगाला अर्थ होता.

नॉर्मंडीतला प्रसंग मात्र या गाडीच्या कामाचा नमुनाच आहे. ३१ जुलै १९४४. ऑपरेशन ब्लूकोट ही ब्रिटिशांची चढाई सुरू होऊन एक दिवस झालेला. सेकंड हाउसहोल्ड कॅव्हलरीतले लेफ्टनंट पॉवल आपली तुकडी घेऊन जर्मन फळीच्या फटीतून आत शिरले. शेवटी त्यांच्यासोबत उरली ती एक आर्मर्ड कार आणि एक स्काउट कार. मैलोनमैल आत गेल्यावर सूलव्र नदीवरचा एक छोटा दगडी पूल दिसला, आणि त्यावर जवळपास पहाराच नव्हता. कारण नंतर कळलं: दोन जर्मन सेनांच्या हद्दी तिथे मिळत होत्या, आणि पूल कुणी सांभाळायचा हे दोघांनीही एकमेकांवर सोडलेलं. पॉवल यांनी वायरलेसवर निरोप दिला, पूल धरून ठेवला आणि मागून क्रॉमवेल रणगाडे आले. अकराव्या आर्मर्ड डिव्हिजनला त्या एका पुलाने वाट करून दिली. आज तो पूल 'डिकीज ब्रिज' म्हणून ओळखला जातो. या सगळ्यात दोन पौंडीने किती रणगाडे फोडले याचा काही संबंधच नाही. गाडी आवाज न करता पोचली, दिसली नाही, आणि वायरलेस चालू राहिला.

आता ब्रह्मदेश, कारण तिथे आपली माणसं होती. १६ वी लाइट कॅव्हलरी ही १९२३ मध्ये भारतीय अधिकाऱ्यांच्या हाती देण्यासाठी निवडलेल्या पहिल्या दोन घोडदळ रेजिमेंटांपैकी एक. दुसरी ७ वी लाइट कॅव्हलरी. सोळाव्या कॅव्हलरीच्या गाड्या क्वेट्टाहून निघाल्या आणि सुमारे ३,५०० मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटरांवर, स्वतःच्या चाकांनी ब्रह्मदेशाच्या सरहद्दीला गेल्या. रणगाड्यांची रेजिमेंट असती तर तिला रेल्वेच्या वाघिणींवर चढवावं लागलं असतं, आणि आसामकडे जाणाऱ्या रेल्वेची त्या काळातली दमछाक वेगळी सांगायला नको. मेइक्तिला, पुढे रंगूनच्या दिशेची घोडदौड आणि सित्तांगपर्यंत ही रेजिमेंट चौदाव्या सेनेबरोबर होती, आणि तिच्या गाड्यांमध्ये डेमलर होत्या.

तोफेबद्दलचं मत ब्रह्मदेशात मात्र बदलावं लागतं. जपान्यांच्या हा-गो या हलक्या रणगाड्याचं चिलखत जास्तीत जास्त १२ मिलिमीटर, म्हणजे डेमलरपेक्षाही पातळ. त्याच्यासमोर दोन पौंडी भारीच होती. नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर तिथला हा-गो जवळून बघा, पत्रा केवढा आहे ते डोळ्यांनीच कळतं. तिथेच रोल्स-रॉइसची चिलखती गाडीही उभी आहे. ती आणि डेमलर यांच्या आराखड्यांत सुमारे पंचवीस वर्षांचं अंतर आहे.

त्या वेळी सोळाव्या कॅव्हलरीचे कमांडंट होते लेफ्टनंट कर्नल जयंतोनाथ चौधुरी. सोलापूर-उस्मानाबादकडच्या वाचकांना हे नाव दुसऱ्या कारणाने माहीत असेल. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरहून नळदुर्ग, जळकोट, उमरगा या वाटेने हैदराबाद संस्थानात शिरलेल्या फौजेचे सेनापती म्हणजे हेच, तेव्हा मेजर जनरल. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी शाबूत हाती घेणं ही पहिल्या दिवसाची किल्ली होती. चाकांच्या गाड्यांवर वाढलेल्या अधिकाऱ्याला पुलाची आणि वेगाची किंमत कुणी शिकवावी लागत नाही. हे माझं मत, पुरावा मागू नका.

भारतात डेमलर लढल्या का? लढल्या. आणि सगळ्यात महत्त्वाची लढाई स्वातंत्र्याला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हाची.

ऑक्टोबर १९४७ च्या शेवटी श्रीनगरला विमानांनी पायदळ उतरवलं गेलं, पण चिलखती गाडी त्या काळच्या डाकोटा विमानात मावत नाही. ७ व्या लाइट कॅव्हलरीच्या आर्मर्ड कारचं स्क्वाड्रन मेजर इंद्रजित रिखी यांच्या हाताखाली अंबाल्याहून रस्त्याने निघालं. पठाणकोट, जम्मू, बनिहाल असा सहाशेहून जास्त किलोमीटरांचा प्रवास. श्रीनगरचा तेव्हाचा मुख्य रस्ता झेलमच्या खोऱ्यातून जायचा आणि तो पाकिस्तानातून आलेल्या टोळीवाल्या हल्लेखोरांच्या हातात. बनिहालचा रस्ता अरुंद, घाटाचा, पूल बैलगाडी आणि हलक्या लॉरीच्या हिशेबाने बांधलेले. जवाहर बोगदा व्हायला अजून नऊ वर्षं होती, म्हणजे जुन्या खिंडीतूनच जायचं. शर्मन रणगाड्याचं वजन तीस टनांच्या पुढे. तो त्या पुलांवर घालण्याचा विचारही कुणी केला नसता. साडेसात टन आणि रबरी चाकं होती म्हणून गाड्या वेळेत पोचल्या.

७ नोव्हेंबर १९४७ ला शालटेंगची लढाई झाली. श्रीनगरच्या पश्चिमेला, शहराच्या अगदी उंबरठ्यावर हल्लेखोर जमले होते. १६१ ब्रिगेडचे ब्रिगेडियर एल. पी. सेन यांच्याकडे शीख आणि कुमाऊं पलटणी होत्या, आणि या मोजक्या गाड्या. लेफ्टनंट नोएल डेव्हिड यांची छोटी तुकडी आधीच गांदरबल-बांदीपूरच्या बाजूला टेहळणीला गेलेली. तिला मागच्या बाजूने शालटेंगकडे यायला सांगितलं. मागून चिलखती गाड्या येताना पाहून हल्लेखोरांना वाटलं, आपलीच कुमक आली. ते आनंदाने स्वागताला पुढे झाले. गाड्या त्यांच्यामधून आत आल्या आणि मग बेसा सुरू झाल्या. समोरून पायदळ आणि बाकीच्या गाड्या, वरून विमानं. काही तासांत श्रीनगरचा धोका टळला आणि दुसऱ्या दिवशी बारामुल्ला परत मिळालं.

समोर रणगाडे नव्हते, रणगाडाभेदी तोफा नव्हत्या. ज्या सोळा मिलिमीटर चिलखताला फ्रान्समध्ये कुणी विचारलं नसतं ते तिथे पुरेसं होतं, आणि जी तोफ जुनाट म्हणून हिणवली जायची तिची गरजही फारशी पडली नाही. काम मशीनगनने केलं. पुढच्या वर्षी झोजी ला खिंडीत याच रेजिमेंटने स्टुअर्ट रणगाडे चढवले. ती कथा जास्त सांगितली जाते आणि सांगावीच, पण ती लढायला श्रीनगर आपल्या हातात राहिलं ते शालटेंगमुळे. रिखी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांचे लष्करी सल्लागार झाले.

युद्धोत्तर काळात जगभर हेच घडलं. मोठ्या फौजांच्या हिशेबात डेमलर कालबाह्य झाली आणि छोट्या, घाणेरड्या लढायांच्या हिशेबात नव्याने कामाची ठरली. खरं तर ब्रिटिशांनी तिची आणि हंबरची जागा घ्यायला कॉव्हेंट्री नावाची गाडी आखली होती. मागणी १,७०० ची, पण युद्ध संपलं आणि दोनशेच्या आसपास बनून काम थांबलं. त्यातल्या बऱ्याच फ्रेंचांनी इंडोचायनात नेल्या. जिची जागा घ्यायची ती डेमलर मात्र ब्रिटिश रेजिमेंटांत १९६० पर्यंत तग धरून राहिली.

मलायातलं तिचं काम आपल्या नक्षलग्रस्त भागातल्या रस्त्यांवरच्या बंदोबस्ताशी जुळतं. १९४८ पासून कम्युनिस्ट गनिमांनी रबराच्या मळ्यांमधल्या वळणांवर दबा धरायचा आणि गाड्यांचे ताफे कापायचे असं सत्र चालवलं. फोर्थ हुसार्स, नंतर १३/१८ हुसार्स, मग १२ वे लान्सर्स यांनी डेमलर घेऊन ताफ्यांना सोबत दिली. ६ ऑक्टोबर १९५१ ला खुद्द हायकमिशनर सर हेन्री गर्नी फ्रेझर्स हिलच्या रस्त्यावर अशाच दबाहल्ल्यात मारले गेले. ते चिलखत नसलेल्या मोटारीत होते. १९५२ मध्ये आलेले जनरल टेम्पलर मग १२ व्या लान्सर्सच्या गाड्यांच्या पहाऱ्यात फिरायचे. अशा कामात स्फोटक गोळ्याचा अभाव जाणवायचा, कारण लक्ष्य म्हणजे रस्त्याकडेची झाडी आणि त्यातली माणसं. बेसावरच भिस्त.

सिलोननेही आपल्या नव्या चिलखती दलासाठी डेमलर घेतल्या. छोट्या देशाला हव्या असतात अशा सगळ्या गोष्टी तिच्यात होत्या: पूल मोडत नाही, रस्ता उखडत नाही, आणि राजधानीच्या चौकात उभी राहिली तर जमाव दोन पावलं मागे सरकतो.

आपल्याकडे १९५० च्या दशकात डेमलर आणि हंबर मिळून टेहळणीची कामं करत होत्या. ६३ व्या कॅव्हलरीकडे त्या होत्या, राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाकडेही. दिल्लीत घोड्यांवर दिसणारं हे दल लढाईच्या वेळी चिलखती गाड्यांचं होतं हे अनेकांना ठाऊक नसतं. १९६२ मध्ये त्यांच्या गाड्या लडाखमध्ये चुशूलला गेल्या. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांच्या वर हवा इतकी विरळ की कार्ब्युरेटरच्या इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याने तरी घटते. ९५ अश्वशक्तीतली साठ-पासष्ट उरली असं धरा. जेट बदलून मिश्रण जमवलं नाही तर धूर ओकते, प्लग काळे पडतात. फ्लायव्हील आणि गिअरबॉक्समधलं तेल रात्रीच्या थंडीत घट्ट होतं. रेडिएटरचं पाणी उतरवून ठेवायचं नाही तर ब्लॉक फुटतो. वीस वर्षं जुन्या गाड्या त्या हवेत चालत्या ठेवणाऱ्या मिस्त्र्यांचं नाव कुठल्या फलकावर नाही. त्यांचं काम काय होतं ते मला बऱ्यापैकी कळतं.

मग त्या गेल्या का? आता यंत्रणेचा त्रास सांगायची वेळ आली. एकच डिफरन्शिअल असल्यामुळे डाव्या बाजूची दोन्ही चाकं एकमेकांशी घट्ट बांधलेली, उजवीकडची तशीच. वळणावर पुढचं चाक मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतं. मातीत, वाळूत चाक जरा घसरतं आणि तो फरक निघून जातो. डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये आणि बेव्हल बॉक्समध्ये साठत जातो. चारांपैकी एक टायर जास्त झिजलेला असेल तर सरळ रस्त्यावरही हेच होतं. शेवटी कुठला तरी बेव्हल गिअर दात सोडतो. फेरेटलाही हाच आजार होता, कारण १९५२ पासून निघालेली फेरेट हे डिंगोचंच पुढचं रूप आणि शाफ्टची मांडणी तीच. आमच्याकडे लांबच्या डांबरी प्रवासात गाडी मधूनमधून कच्च्या साइडपट्टीवर उतरवायची शिस्त होती. एक चाक जॅकवर उचललं की कधी कधी ते आपणहून गर्रकन फिरतं. साठलेला पीळ तेव्हा डोळ्यांना दिसतो. बोटं लांब ठेवा.

गिअरबॉक्सचंही तसंच. आतले ब्रेक बँड झिजले की गिअर घसरतो, आणि ते जुळवायला सरावाचा हात लागतो. ट्रकच्या साध्या गिअरबॉक्सवर शिकलेला फिटर त्याच्यासमोर बावचळतो. कारखान्यातून सुटे भाग यायचे थांबल्यावर एका गाडीचे भाग काढून दुसरी चालवायची वेळ आली. भारतीय लष्करात शेवटी तिची जागा जबलपूरच्या जोंगा जीपने घेतली, वर रणगाडाभेदी क्षेपणास्त्र बसवलेल्या. चिलखत शून्य, पण रणगाडा फोडू शकते आणि कुठलाही मिस्त्री दुरुस्त करू शकतो. फौजेने केलेली ती निवड मला रुचत नाही, पण चूक म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकाच्या शेवटी सहाचाकी सॅलडिन आली, ७६ मिलिमीटरची तोफ घेऊन; तोफेची जुनी तक्रार तिथे मिटली.

जाता जाता एक व्यवहारातली गोष्ट. संग्रहालयांत आणि छावण्यांच्या दारांशी उभ्या जुन्या चिलखती गाड्यांच्या पाट्या बऱ्याचदा चुकलेल्या असतात, हंबरला डेमलर आणि डेमलरला हंबर म्हणतात. टरेट बघून ठरवायला जाऊ नका, रंगाचे थर आणि बदललेल्या तोफा फसवतात. सरळ पुढे वाकून दोन पुढच्या चाकांच्या मध्ये बघा. आडवा एक्सल आणि पट्ट्यांचे पाटे दिसले तर हंबर. ती करिअर (Karrier) कंपनीच्या तोफा ओढणाऱ्या गाडीच्या चासीवर बांधलेली आहे. एक्सल नाहीच, कॉइल स्प्रिंग आणि प्रत्येक चाकाकडे स्वतंत्र जाणारा शाफ्ट दिसला तर डेमलर. आणि पहारेकऱ्याने परवानगी दिली तर टरेटमध्ये डोकावून मागचं स्टिअरिंग अजून जागेवर आहे का तेही बघून घ्या. बऱ्याच गाड्यांतून ते कुणीतरी आठवण म्हणून काढून नेलेलं असतं.